साहित्यातील नायक एका नौकेवर, प्रेक्षक मात्र दोन तीरांवर

एकोणिसाव्या शतकातील गाजलेल्या कादंबऱ्यांमधील सात पात्रांना एकाच मोहिमेवर धाडणारा ‘द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन’ हा अद्भुतरम्य साहसपट ११ जुलै २००३ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. या घटनेला दोन दशकांहून अधिक काळ लोटला असला, तरी त्याविषयीची प्रेक्षकांची मते आजही एकमेकांशी जुळलेली नाहीत. एका वर्गाच्या मते हा चित्रपट म्हणजे उत्तम कल्पनेची झालेली माती होय. तर दुसरा वर्ग त्याकडे दोन घटकांची निखळ करमणूक म्हणून पाहतो आणि समीक्षकांनी त्यावर अन्याय केला, असे मानतो. भारतीय प्रेक्षकांच्या दृष्टीने या वादाला आणखी एक पदर आहे. या सात जणांपैकी कॅप्टन नेमो हा भारतीय असून ती भूमिका ज्येष्ठ अभिनेते नसीरुद्दीन शाह यांनी साकारली आहे.

चित्रपटाचा मूळ आधार म्हणजे ॲलन मूर आणि चित्रकार केविन ओनील यांची याच नावाची, १९९९ मध्ये सुरू झालेली कॉमिक-मालिका. दिग्दर्शन स्टीफन नॉरिंग्टन यांचे, तर पटकथा जेम्स डेल रॉबिन्सन यांची. कथेचा काळ १८९९ चा. ‘फँटम’ या नावाने वावरणारा एक मुखवटाधारी इसम जर्मन गणवेशातील सैनिकांकरवी लंडनमध्ये हल्ला घडवतो आणि इंग्रज गणवेशातील सैनिकांकरवी जर्मनीत. युरोपातील राष्ट्रे युद्धाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपतात. हे संकट टाळण्यासाठी ‘एम’ या सांकेतिक नावाचा ब्रिटिश अधिकारी असामान्य व्यक्तींचे एक पथक उभारतो. रायडर हॅगार्ड यांच्या ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ (१८८५) मधील शिकारी ॲलन क्वाटरमेन, ज्यूल व्हर्न यांचा नेमो, ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) मधील मिना हार्कर, स्टीव्हन्सन यांचे डॉ. जेकिल व त्यांचेच दुसरे रूप असलेला हाइड, ऑस्कर वाइल्ड यांचा चिरतरुण डोरियन ग्रे, मार्क ट्वेन यांचा टॉम सॉयर आणि एक अदृश्य चोर अशी ही मंडळी नेमोच्या ‘नॉटिलस’ पाणबुडीतून व्हेनिसकडे व पुढे मंगोलियाकडे प्रयाण करतात.

शीर्षकातील ‘जंटलमेन’ या शब्दापाशी अनुवादकाची लेखणी क्षणभर अडखळते. ‘असामान्य सद्गृहस्थांचा संघ’ असे भाषांतर शब्दशः योग्य ठरेल. पण या संघात एक स्त्री आहे, एक चोर आहे, एक खुनी आहे आणि एक फितूर आहे. सद्गृहस्थ म्हणावे असे त्यात फार थोडे. मूळ शीर्षकात हा उपरोध अभिप्रेतच होता. कॉमिक वाचलेल्या प्रेक्षकांची पहिली तक्रार हीच आहे की, पडद्यावर येताना हा उपरोध गळून पडला आणि केवळ पराक्रम शिल्लक राहिला.

आर्थिक आघाडीवर चित्रपट सपशेल कोसळला, असे मात्र म्हणता येणार नाही. सुमारे ७ कोटी ८० लाख डॉलर खर्चून तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे १७ कोटी ९० लाख डॉलर मिळविले. त्यांपैकी अमेरिकेतील वाटा सुमारे ६ कोटी ६० लाखांचा, म्हणजे निम्म्याहूनही कमी होता. अमेरिकेबाहेरील प्रेक्षकांनी त्याला अधिक आश्रय दिला, असा याचा सरळ अर्थ. प्रदर्शनाची वेळही प्रतिकूल होती. अवघ्या दोन दिवसांपूर्वी ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ मालिकेतील पहिला चित्रपट झळकला होता आणि साहसपटाच्या शोधात असलेला प्रेक्षक तिकडे वळला होता. समीक्षकांनी तर निष्ठुरच भूमिका घेतली. अमेरिकेतील नामवंत समीक्षक रॉजर इबर्ट यांनी त्यास चारपैकी केवळ एक तारा दिला. समीक्षांचे संकलन करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावरील नोंदी पाहिल्या, तर पाच समीक्षकांमागे एकाचेही मत धडपणे अनुकूल नाही. सामान्य प्रेक्षकांचा कौल त्या मानाने सौम्य असून तो नापसंती व पसंती यांच्या मध्यावर रेंगाळतो.

हा कौल मध्यावर असण्याचे कारण सर्वांना चित्रपट मध्यम वाटला, असे नाही. ज्यांनी मूळ कादंबऱ्या वाचल्या होत्या, ज्यांनी फक्त कॉमिक वाचले होते आणि ज्यांनी यांपैकी काहीच वाचले नव्हते, अशा तीन निरनिराळ्या प्रेक्षकांनी प्रत्यक्षात तीन निरनिराळे चित्रपट पाहिले. त्यांच्या मतांची सरासरी काढल्यास मध्य निघतो, इतकेच.

काहीही न वाचता आलेल्या प्रेक्षकाला पाण्यातून वर येणारी तलवारीसारखी निमुळती, नक्षीदार नॉटिलस भव्य वाटली. जेसन फ्लेमिंग यांनी अंगावर अवजड कृत्रिम स्नायू चढवून उभा केलेला हाइड त्याला आवडला. संगणकीय चित्रणावर सर्वस्वी विसंबून न राहता रंगभूषेच्या बळावर केलेले हे काम आज, वीस वर्षांनंतर, उलट अधिक टिकाऊ वाटते. मिना आणि डोरियन ग्रे या दोन अमर जीवांमधील द्वंद्व, ज्यात दोघांच्याही जखमा तत्क्षणी भरून येतात, हेही अनेकांच्या स्मरणात राहिले आहे. प्रतिकूल मत देणारेदेखील ग्रेच्या भूमिकेतील स्टुअर्ट टाउनसेंड यांचा तुच्छतादर्शक थंडपणा मान्य करतात.

तथापि, याच प्रेक्षकांची सहनशक्ती व्हेनिसच्या प्रसंगी संपते. शहरातील एकामागून एक इमारती कोसळू लागतात. ती पडझड थांबविण्यासाठी टॉम सॉयर भरधाव मोटार हाकतो आणि नेमोच्या पाणबुडीतून क्षेपणास्त्र सोडले जाते. ज्या शहरात रस्त्यांची जागा कालव्यांनी घेतली आहे तेथे मोटारीची शर्यत कशी, आणि महाकाय पाणबुडी त्या उथळ कालव्यांत शिरली तरी कशी, हे प्रश्न प्रदर्शनाच्या पहिल्याच आठवड्यात उपस्थित झाले. ते आजतागायत विचारले जातात. वास्तविक अद्भुतकथेत अशक्य गोष्टी घडायच्याच. अदृश्य माणूस निमूटपणे स्वीकारणारा प्रेक्षक कालव्यातील पाणबुडीवर का अडतो? उत्तर असे दिसते की, अदृश्य होण्याचा नियम कथेने आधी सांगितलेला असतो. व्हेनिसचा भूगोल मात्र प्रेक्षकाने स्वतःबरोबर आणलेला असतो. तो बदलायचा तर कथेने तसे आधी सांगावे लागते. ही साधी खबरदारी पटकथेने घेतलेली नाही.

निर्मितीतील अडचणींचाही येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. चित्रीकरण मुख्यत्वे प्राग येथे झाले. ऑगस्ट २००२ मध्ये त्या शहरात आलेल्या महापुरात चित्रपटासाठी उभारलेल्या नेपथ्याची मोठी हानी झाली आणि वेळापत्रक कोलमडले. दिग्दर्शक नॉरिंग्टन आणि क्वाटरमेनच्या भूमिकेतील शॉन कॉनरी यांच्यातील तीव्र मतभेद तर त्या काळी वृत्तपत्रांचा विषय झाले होते. नॉरिंग्टन यांच्या नावावर त्यानंतर एकही मोठा चित्रपट नाही. कॉनरी यांचीही पडद्यावरील ही अखेरची प्रमुख भूमिका ठरली. ‘मेट्रिक्स’ आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रपटांतील भूमिका, आपणांस कथाच उमगली नाही म्हणून, त्यांनी नाकारल्याचे सांगितले जाते. त्यानंतर आलेली ही अद्भुतकथा त्यांनी स्वीकारली, हा दैवाचा खेळच म्हणावा लागेल. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा अनेक चाहत्यांनी या अखेरच्या चित्रपटाविषयी हळहळ व्यक्त केली. काहींनी मात्र तो पुन्हा पाहिला आणि वयाच्या सत्तरीत थकलेल्या शिकाऱ्याचे काम त्यांनी बऱ्यापैकी निभावल्याचा निर्वाळा दिला.

कॉमिकच्या वाचकांचा रोष अधिक मूलगामी स्वरूपाचा आहे. मूर यांच्या कथेत पथकाचे नेतृत्व मिनाकडे असते. नवऱ्यापासून विभक्त झालेली, समाजाने बोल लावलेली ही स्त्री उद्दाम पुरुषांच्या घोळक्याला ताळ्यावर ठेवते. क्वाटरमेन तेथे अफूच्या आहारी गेलेला, मोडून पडलेला म्हातारा आहे. चित्रपटात कॉनरींसारखा नामांकित नट आल्यावर साहजिकच सूत्रे क्वाटरमेनच्या हाती गेली, त्याची अफू सुटली आणि मिना विधवा व रक्तपिपासू झाली. तिला अलौकिक सामर्थ्य लाभले खरे, परंतु तिचा अधिकार गेला. टॉम सॉयर तर कॉमिकमध्ये नव्हताच. अमेरिकी तरुण प्रेक्षकांना आपला वाटेल असा कोणीतरी हवा, या हिशेबाने तो घातला गेला, हे मत सर्वत्र रूढ आहे. मिसिसिपीकाठचा तो खोडकर, हिकमती मुलगा येथे गुप्तहेर होऊन बंदूक चालवतो. त्याच्या जागी दुसरे कोणतेही नाव ठेवले असते तरी कथेत काडीचाही फरक पडला नसता. पात्र उसने घेण्याची खरी कसोटी हीच मानावयास हवी, आणि सॉयर तीत उतरत नाही. उलट, डोरियन ग्रे उतरतो, कारण त्याचे प्राण त्याच्या चित्राशी बांधलेले असणे ही वाइल्ड यांची कल्पना चित्रपटाने कथेच्या कामी आणली आहे.

पथकातील अदृश्य माणसाची हकिकत तर साहित्यापेक्षा कायद्याच्या अभ्यासकांना अधिक रुचावी. एच. जी. वेल्स यांच्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’ (१८९७) या कादंबरीचा नायक ग्रिफिन. कॉमिकमध्ये तो नावानिशी येतो. चित्रपटात मात्र त्याच्या जागी रॉडनी स्किनर नावाचा चोर आहे आणि अदृश्य करणारे औषध आपण एका शास्त्रज्ञाकडून लांबविले, असे तो सांगतो. हा बदल कलात्मक कारणाने झालेला नसून त्या पात्राचे चित्रपटविषयक हक्क मिळू न शकल्याने करावा लागला. या चित्रपटास उपयोगी पडलेल्या लेखकांची मृत्युवर्षे पाहिली असता मुद्दा स्पष्ट होतो. स्टीव्हन्सन १८९४, वाइल्ड १९००, व्हर्न १९०५, ट्वेन १९१०, स्टोकर १९१२, हॅगार्ड १९२५ आणि शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल १९३०. वेल्स मात्र १९४६ पर्यंत जगले. लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे हक्क अबाधित ठेवणाऱ्या युरोपीय देशांत त्यांचे साहित्य २०१६ अखेरपर्यंत संरक्षित होते. भारतात ही मुदत ६० वर्षांची आहे. पूर्वी ती ५० वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या साहित्यावरील हक्क संपुष्टात येण्याची वेळ आली तेव्हा, १९९०च्या दशकाच्या आरंभी, ती वाढविण्यात आली.

म्हणजे कोणते नायक एकत्र येऊ शकतात, हे लेखकाच्या प्रतिभेइतकेच दिनदर्शिकेवरही अवलंबून असते. (मराठीत असा मेळावा कोणी भरवू म्हटल्यास नाथमाधवांचा वीरधवल कधीचाच मोकळा आहे, आणि चिं. वि. जोशी यांच्या निधनाला १९६३ मध्ये साठ वर्षांची मोजणी सुरू झाली असल्याने चिमणराव व गुंड्याभाऊदेखील अलीकडेच मोकळे झाले आहेत. वीरधवलाच्या मोहिमेवर निघताना चिमणरावांच्या बिऱ्हाडात कोणता गोंधळ उडेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.)

चित्रपटाच्या प्रदर्शनानंतर कायद्याचा आणखी एक फेरा आला. लॅरी कोहेन आणि मार्टिन पोल यांनी, अशाच कल्पनेवरील आपली पटकथा वापरण्यात आल्याचा आरोप करीत, निर्मिती संस्था ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सविरुद्ध २००३ मध्ये दावा दाखल केला. मूळ कॉमिक ही त्यावर पांघरूण घालण्यासाठीच लिहवून घेण्यात आली, असाही त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. संस्थेने आरोप अमान्य केले आणि पुढे न्यायालयाबाहेर तडजोड झाली. या प्रकरणात मूर यांना अनेक तास साक्ष द्यावी लागली. तडजोडीमुळे आपले निर्दोषत्व सिद्ध करण्याची संधीच हिरावली गेली, अशी त्यांची भावना झाली. त्यानंतर आपल्या कृतींवरील चित्रपटांच्या श्रेयनामावलीत आपले नाव नको आणि मोबदलाही नको, ही भूमिका त्यांनी घेतली व पाळली. ‘व्ही फॉर व्हेंडेटा’ आणि २००९ मधील ‘वॉचमेन’ या चित्रपटांच्या नामावलीत चित्रकारांची नावे आहेत, मूर यांचे नाही.

आता नेमोकडे वळू. भारतीय वाचकांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते की, त्याचे भारतीयत्व चित्रपटाने वा कॉमिकने चिकटविलेले नाही. ते व्हर्न यांचेच आहे. ‘समुद्राखालील वीस हजार लीग’ या १८६९-७० मधील कादंबरीत नेमोचे कूळ गुलदस्त्यातच राहते. लॅटिन भाषेत या नावाचा अर्थच ‘कोणी नाही’ असा होतो. व्हर्न यांच्या मनात प्रथम तो रशियाविरुद्ध लढलेला पोलिश उमराव होता. मात्र रशियातील वाचक दुखावतील, या भीतीने प्रकाशक एत्झेल यांनी त्यास हरकत घेतली आणि नेमो निनावी राहिला. पुढे १८७५ मध्ये पूर्ण झालेल्या ‘रहस्यमय बेट’ या कादंबरीत मृत्युशय्येवरील नेमो आपली ओळख सांगतो. तो बुंदेलखंडच्या राजाचा पुत्र युवराज डक्कर आहे, टिपू सुलतानाचा भाचा लागतो, युरोपात शिकला आहे आणि १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध लढून त्याने आपले कुटुंब गमावले आहे.

रशियाचा शत्रू अडचणीचा ठरला, तेव्हा इंग्रजांचा शत्रू निवडण्यात आला. फ्रेंच बाजारपेठेच्या सोयीतून भारताला एक जागतिक कीर्तीचा नायक मिळाला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. तपशिलात व्हर्न यांची गल्लत झाली, हेही खरे. ते भारतात कधी आले नव्हते. ‘डक्कर’ हे नाव बुंदेल्यांचे वाटत नाही, आणि श्रीरंगपट्टणला १७९९ मध्ये मारल्या गेलेल्या टिपूचे बुंदेलखंडच्या राजघराण्याशी सोयरिकीचे नाते जोडणे इतिहासाला धरून नाही. तरीही १८५७ च्या संदर्भात बुंदेलखंड निवडण्यात एक अर्थ होता. झाशी त्याच प्रदेशात येते. राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांच्या हालचालींच्या बातम्या युरोपीय वृत्तपत्रांतून येत होत्या. पुढे १८८० मध्ये व्हर्न यांनी वाफेवर चालणाऱ्या हत्तीची कल्पना लढवून उत्तर भारतात घडणारी एक संपूर्ण कादंबरी लिहिली आणि तीत प्रत्यक्ष नानासाहेब पेशव्यांना पात्र केले. तेथे नानासाहेब सूडाने पेटलेले प्रतिनायक आहेत. त्याच उठावातील नेमो मात्र व्हर्न यांनी दुःखी, विद्वान आणि उदात्त रंगविला. मराठीत व्हर्न पोहोचला तो मुख्यतः भा. रा. भागवत यांच्या रसाळ रूपांतरांमधून. त्या पिढीतील वाचकांचे नेमोशी असलेले नाते बालपणातील, म्हणून अधिक हळवे आहे.

एवढी पार्श्वभूमी असूनही पडद्यावरील नेमो बहुधा युरोपीय नटच राहिला. १९५४ मधील डिस्नेच्या चित्रपटात जेम्स मेसन, १९६१ मध्ये हर्बर्ट लोम, १९९७ मध्ये मायकेल केन. इजिप्तचे ओमर शरीफ यांनी १९७३ मध्ये ही भूमिका केली, हा एक अपवाद. या पार्श्वभूमीवर, बड्या हॉलिवूडपटात नसीरुद्दीन शाह नेमो म्हणून उभे राहणे ही भारतीय प्रेक्षकांसाठी समाधानाची बाब होती. ‘पार’मधील भूमिकेबद्दल १९८४ मध्ये व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा सन्मान मिळविणारा हा नट याच व्हेनिसचा विध्वंस पडद्यावर पाहतो, हा योगायोग गमतीचा खरा.

मात्र समाधानाबरोबर अस्वस्थताही होती, आणि ती अस्थानी नव्हती. चित्रपटातील नेमो फेटा बांधतो, दाढी राखतो, तलवारीने लढतो आणि पाणबुडीतील कालीच्या मूर्तीपुढे बसून उपासना करतो. नॉटिलसच्या अंतर्भागात हत्ती व देवदेवतांची रेलचेल आहे. कादंबरीतील नेमोच्या नौकेवर होते ते हजारो पुस्तकांचे ग्रंथालय, चित्रसंग्रह आणि ऑर्गन. व्हर्न यांनी ज्याला दोन्ही संस्कृतींत वाढलेला शास्त्रज्ञ म्हणून कल्पिले, त्याला पाश्चात्त्य प्रेक्षकाने ‘भारतीय’ म्हणून चटकन ओळखावे यासाठी चित्रपटाने पंजाब, बंगाल आणि राजस्थान यांची एकत्र मोट बांधली आहे. पाणबुडी, मोटार, क्षेपणास्त्र ही सारी यंत्रे त्याच्याच बुद्धीची फळे आहेत, हे कथा मान्य करते. परंतु त्या बुद्धीकडे पाहण्यास ती थांबत नाही. काही भारतीय प्रेक्षकांना हे सजावटीचे भारतीयत्व खटकले. तर काहींनी असा युक्तिवाद केला की, पथकातील तंत्रज्ञानाचा धनी भारतीय आहे आणि इतर सारे त्याचे पाहुणे आहेत, हीच १८९९ च्या कथेत मोठी गोष्ट आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मला पहिली बाजू अधिक वजनदार वाटते.

कारण नेमोच्या वाट्याला आलेला मूलभूत प्रश्न चित्रपट जवळजवळ टाळतो. ज्याचे राज्य आणि कुटुंब ब्रिटिश साम्राज्याने हिरावले, तो त्याच साम्राज्याच्या अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून त्याच साम्राज्याचे संकट निवारण्यास का निघतो? क्वाटरमेनसुद्धा साम्राज्याला विटलेला आहे. मुलगा गमावल्याचा सल त्याच्या मनात आहे. पण त्याच्या नकाराला आणि होकाराला पटकथेने जागा दिली आहे. नेमोला ती मिळालेली नाही. हा उठावातील योद्धा आणि आफ्रिकेत साम्राज्याची वाट मोकळी करणारा शिकारी एकाच जहाजावर आठवडेच्या आठवडे राहतात. त्यांच्यातील एक तरी खरे भांडण पाहावयास मिळावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हती. एका बाजूस कॉनरी आणि दुसऱ्या बाजूस नसीरुद्दीन शाह असताना तर नव्हतीच. कॉनरी यांनी १९७५ मध्ये किपलिंग यांच्या कथेवरील ‘द मॅन हू वुड बी किंग’ या चित्रपटात साम्राज्याची हाव आणि तिचे वेडेपण समर्थपणे रंगविले होते, हे लक्षात घेता ही हुकलेली संधी अधिकच जाणवते.

चित्रपटातील एका सूत्राकडे मात्र त्या वेळी फारसे लक्ष गेले नाही. फँटम म्हणजे प्रत्यक्षात होम्सचा शत्रू प्राध्यापक मोरियार्टी, आणि पथक उभारणारा ‘एम’ही तोच. राष्ट्रांना खोट्या पुराव्यांनिशी युद्धात लोटायचे, आणि मग दोन्ही बाजूंना शस्त्रे विकायची, हा त्याचा बेत असतो. असामान्यांना एकत्र आणण्याचा हेतूही त्यांचे रक्त, औषधे आणि यंत्रे यांचे नमुने चोरून सामर्थ्याची घाऊक विक्री करणे, एवढाच असतो. हा चित्रपट प्रदर्शित झाला त्याच्या चार महिने आधी, मार्च २००३ मध्ये, इराकवर हल्ला झाला होता आणि त्यासाठी पुढे केलेल्या कारणांच्या सत्यतेवर जगभर चर्चा सुरू होती. चित्रपट त्यापूर्वीच लिहिला गेला असल्याने हा संबंध हेतुपुरस्सर नव्हे. परंतु कथेतील हा धागा आज पाहताना इतर सर्व स्फोटांपेक्षा अधिक ताजा वाटतो, आणि अलीकडे चित्रपटाची बाजू घेणारे प्रेक्षक त्याचा दाखला देतात.

त्यानंतरच्या काळाने या कल्पनेला एकीकडे दुजोरा दिला आणि दुसरीकडे तिच्या मर्यादाही दाखविल्या. २०१२ मधील ‘द ॲव्हेंजर्स’ने निरनिराळ्या कथांतील नायकांचा मेळा विक्रमी यशाचा मार्ग ठरू शकतो, हे सिद्ध केले. मात्र तेथे प्रत्येक नायकाची ओळख आधीच्या चित्रपटांतून करून दिलेली होती. हिंदीत ‘पठाण’ने २०२३ मध्ये टायगरला पाहुणा म्हणून बोलावले, तेव्हा चित्रपटगृहांत शिट्ट्या वाजल्या, कारण प्रेक्षक दोघांनाही ओळखत होते. २००३ च्या चित्रपटाने ही ओळख वाचनावर सोपविली होती, आणि बहुसंख्य तरुण प्रेक्षकांनी ते वाचन केलेले नव्हते. दुसरीकडे ‘पेनी ड्रेडफुल’ या २०१४ ते २०१६ मधील मालिकेने डोरियन ग्रे, फ्रँकेन्स्टाइन आणि ड्रॅक्युलाच्या जगातील पात्रे घेऊन, घाई न करता, त्याच काळातील लंडन उभे केले आणि समीक्षकांची दाद मिळविली. चित्रपटाला ज्यासाठी दोन तास अपुरे पडले, त्यासाठी मालिकेचा विस्तार सोयीचा ठरला, असे त्यावरून दिसते. जेकिल आणि ममी यांना एका सूत्रात ओवण्याचा २०१७ मधील ‘द ममी’चा प्रयत्न मात्र पहिल्याच पायरीवर फसला.

चित्रपटाच्या बाजूने एक गोष्ट नोंदविणे न्याय्य ठरेल. तो पाहून मूळ पुस्तकांकडे वळलेला एक वाचकवर्ग निश्चित आहे. शाळकरी वयात दूरचित्रवाणीवर तो पाहिला, मिना कोण, ग्रेच्या चित्राचे गूढ काय हे शोधत ग्रंथालय गाठले, असे सांगणारे मला भाषांतराच्या क्षेत्रातच भेटले आहेत. नेमो बुंदेलखंडचा, हे त्यांपैकी काहींना प्रथम याच चित्रपटामुळे शोधावेसे वाटले. समीक्षकांच्या ताऱ्यांत ही नोंद होत नाही.

अखेरच्या दृश्यात क्वाटरमेनला आफ्रिकेच्या भूमीत पुरलेले दिसते. एक मांत्रिक विधी करतो, ढग दाटतात आणि कबरीवर वीज कोसळते. उत्तरार्धाची ती उघड तजवीज होती. उत्तरार्ध आला नाही. या पात्रांपैकी नेमो मात्र पडद्यावर स्वतंत्रपणे परतला. ‘नॉटिलस’ या दहा भागांच्या मालिकेत शाझाद लतीफ या ब्रिटिश अभिनेत्याने त्याची भूमिका केली आहे. डिस्नेसाठी तयार झालेली ही मालिका त्या कंपनीने २०२३ मध्ये सोडून दिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ती ॲमेझॉनमार्फत प्रथम ब्रिटन व आयर्लंडमध्ये प्रदर्शित झाली. तीत नेमो कोणाच्याही निमंत्रणावरून निघत नाही. तो ईस्ट इंडिया कंपनीचा कैदी आहे, आणि कंपनीचीच पाणबुडी पळवून तो समुद्रात उतरतो.